फ्रिजची कॅपिलरी बदलायची तर: चोक ओळखण्यापासून गॅस भरण्यापर्यंतचा नेमका क्रम

कॅपिलरी बदलली, नवा ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारी मण्यांची डबी) लावला, गॅस भरला, फ्रीझरमध्ये बर्फ धरला, गिऱ्हाइकाने पैसे दिले. पंधरा दिवसांनी तोच फ्रिज पुन्हा चोक, म्हणजे नळी तुंबलेली. धंद्यात ही तक्रार इतकी नेहमीची आहे की बरेच जण दोष कॅपिलरीच्या क्वालिटीवर टाकून मोकळे होतात. पण तांब्याच्या त्या बारीक नळीत बिघडण्यासारखं काही नसतंच. ना स्प्रिंग, ना व्हॉल्व्ह, ना हलणारा भाग. अडकतो तो बाहेरून आलेला माल: पाण्याचा अंश, काजळी, ड्रायरमधल्या मण्यांची पूड, ब्रेझिंगचा (रॉड वितळवून पाइप जोडण्याचा) रस, कापताना पडलेला किस. आणि यातलं बरंचसं मागच्या रिपेअरच्या वेळीच आत गेलेलं असतं.

खालचा क्रम घरगुती फ्रिजसाठी आहे, आर-१३४ए आणि आर-६००ए या दोन्ही गॅससाठी. आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांना तो जास्त उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि ब्रेझिंगचा सेट नाही त्यांनी घरी करून बघायचं हे काम नव्हे. मात्र मेकॅनिक आला की त्याला काय विचारायचं ते कळेल.

## हात लावण्याआधी: ही नळी करते काय

कॉम्प्रेसर गॅस दाबून कंडेन्सरमध्ये पाठवतो, तिथे त्याचा द्रव होतो. या द्रवाचा दाब उतरवून तो मोजून-मापून फ्रीझरच्या कॉइलमध्ये सोडायचा, एवढंच कॅपिलरीचं काम. आर-१३४एच्या फ्रिजमध्ये कंडेन्सर ४५ अंशांवर असेल तर आतला निरपेक्ष दाब साधारण ११.६ बार असतो. फ्रीझरच्या कॉइलमध्ये उणे २३ अंशांना तो १.१५ बारच्या आसपास येतो. दहा बारांहून जास्त असलेला हा फरक दोन-तीन मीटर लांब आणि आतून पाऊण मिलिमीटरच्या नळीत मुख्यतः घर्षणाने जिरतो. शाळेत शिकलेल्या केशाकर्षणाचा इथे काही हात नाही. तेवढ्याच बोअरच्या, म्हणजे आतल्या छिद्राच्या, काचेच्या नळीत पाणी चढून चढून चार सेंटीमीटरही चढत नाही.

नळीच्या पहिल्या भागात द्रव द्रवच राहतो आणि दाब सावकाश उतरतो. एका हद्दीखाली दाब गेला की द्रवात वाफेचे बुडबुडे धरायला लागतात. वाफेला जागा जास्त लागते, त्यामुळे वेग वाढतो आणि शेवटच्या तुकड्यात दाब झपाट्याने कोसळतो. सगळ्यात गार टोक ते हेच. सिस्टिममध्ये ओलावा असेल तर तो नेमका इथे गोठतो.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक चुकीचं मूळ यांच्यात आहे. पहिली, बोअर आणि लांबी कंपनीने त्या कॉम्प्रेसरसाठी ठरवलेली असते, तिथे अंदाज चालत नाही. दुसरी, कॅपिलरी सक्शन लाइनला (फ्रीझरमधून कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या पाइपला) चिकटवलेली किंवा तिच्या आतून ओवलेली असते. परत जाणारा गार गॅस तिच्यातल्या द्रवाला आणखी गार ठेवतो, बुडबुडे उशिरा धरतात आणि कॉइलपर्यंत जास्त द्रव पोचतो. तिसरी, या सिस्टिमला जास्तीचा द्रव साठवायला टाकी नसते, म्हणून गॅसही ग्रॅमवर मोजूनच भरावा लागतो.

कॉम्प्रेसर बंद झाला की कॅपिलरीतून दोन्ही बाजूंचे दाब हळूहळू सारखे होतात, म्हणून छोटी मोटर पुन्हा सहज सुटते. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला तीन मिनिटांचा डिले देतात तो याचसाठी.

## टप्पा १: चोक आहे की लीक?

थंड होत नाही म्हणून लगेच पाइप कापू नका. आधी स्वस्तातले दोष बघून घ्या. दाराचं रबर, थर्मोस्टॅट, रिले. फ्रॉस्ट-फ्री मॉडेलमध्ये पंखा आणि डिफ्रॉस्ट हीटर. कॉइलवर बर्फाचा डोंगर साचला असेल तर गॅसचा काही संबंध नाही.

एवढं पाहून झालं की कॉम्प्रेसर चालू ठेवून हाताने तपासा. कंडेन्सर गार किंवा फक्त वरच्या एक-दोन फेऱ्यांना कोमट, कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, अँपिअर कॉम्प्रेसरच्या प्लेटवरच्या आकड्यापेक्षा बरेच कमी, फ्रीझरमध्ये कॅपिलरी जिथे शिरते तेवढ्याच ठिकाणी पातळ बर्फ. ही लक्षणं चोकचीही असतात आणि गॅस कमी असल्याचीही. फरक असा ओळखा:

1. कॉम्प्रेसरच्या प्रोसेस ट्यूबला (गॅस भरायच्या बंद नळीला) पिअर्सिंग व्हॉल्व्ह (पाइपला भोक पाडून बसणारा) लावून गेज जोडा आणि चालू स्थितीत रीडिंग घ्या.
2. कॉम्प्रेसर बंद करा आणि गेजकडे बघत पाच मिनिटं थांबा. काटा चढून स्थिर झाला पण फारच खाली राहिला, तर गॅस कमी आहे. काटा जागचा हललाच नाही किंवा अर्ध्या तासात मुंगीच्या गतीने चढला, तर कॅपिलरी किंवा ड्रायर चोक आहे.
3. लो साइडचा, म्हणजे फ्रीझर आणि सक्शनच्या बाजूचा, दाब जास्त आणि कंडेन्सर गार असेल तर बहुतेक कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही. मग कॅपिलरी बदलून काही होणार नाही.

सावधान: आर-६००एच्या फ्रिजमध्ये लो साइड चालू स्थितीत शून्याच्या खालीच असते. उणे २३ अंशांना या गॅसचा निरपेक्ष दाब जेमतेम ०.६४ बार, म्हणजे वातावरणापेक्षा कमी. आर-१३४एची सवय झालेला मेकॅनिक हे बघून ‘व्हॅक्यूम मारतोय, चोक आहे’ म्हणतो आणि चांगला फ्रिज कापतो. नाहीतर गॅस कमी समजून दुप्पट भरतो. दोन्ही प्रकार रोज घडतात.

ओलाव्याचा चोक वेगळा वागतो. फ्रिज तासभर मस्त चालतो, मग गार होणं थांबतं. बंद करून ठेवला की पुन्हा ठीक. अशा वेळी कॅपिलरीच्या फ्रीझरकडच्या टोकावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरा. एकदम ‘फुस्स’ असा आवाज होऊन कॉइल गार होऊ लागली, तर तिथे बर्फाचा खडा होता. टोक गरम करायला ज्योत वापरू नका, आर-६००ए असेल तर बिलकूलच नाही. अशा केसमध्ये कॅपिलरी बदलायची गरज नसते. नवा ड्रायर आणि नीट व्हॅक्यूम एवढंच लागतं, शिवाय ओलावा कुठून शिरला ते शोधावं लागतं. आर-६००एची लो साइड वातावरणाखाली चालत असल्यामुळे तिथली बारीक लीक गॅस बाहेर सोडण्याऐवजी हवा आत ओढते. चालू फ्रिजवर साबणाचा फेस लावला तर तिथे फुगा येणारच नाही. लीक शोधायची तर फ्रिज बंद करून दाब सारखे झाल्यावर शोधा.

ड्रायरलाही हात लावून बघा. आधीची पाइप कोमट आणि ड्रायरचं खालचं टोक गार किंवा दव धरलेलं असेल, तर अडथळा ड्रायरमध्येच आहे.

## टप्पा २: सामान आधी मांडून घ्या

पाइप कापल्यावर बाजारात जायची वेळ येऊ नये. आर-१३४एच्या कॉम्प्रेसरमधलं पीओई तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं, आणि जुलैत कोकणात किंवा मुंबईत उघडी पाइप तासभर ठेवली तर पुढचा अख्खा दिवस व्हॅक्यूम मारून तो ओलावा निघत नाही. कामाच्या आधी हे हाताशी हवं:

- योग्य बोअरची कॅपिलरी, लागते त्यापेक्षा हातभर जास्त, दोन्ही तोंडं बंद
- सीलबंद ड्रायर, एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ मणी असलेला; शक्यतो प्रोसेस ट्यूब लावायला जादा तोंड असलेला
- कॅपिलरी कटर किंवा बारीक तिकोनी कानस
- रेग्युलेटरसह नायट्रोजन सिलिंडर
- दोन स्टेजचा व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारा)
- एका ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा
- फॉस-कॉपर रॉड, सिल्व्हर रॉड, फ्लक्स

कधीही नाही: दाब तपासायला ऑक्सिजन वापरू नका. ब्रेझिंगचा सिलिंडर शेजारीच असतो, मोह होतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

## टप्पा ३: गॅस काढा

कॉम्प्रेसरवरची आणि मागची प्लेट वाचा. पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचं चित्र दिसलं की गॅस ज्वलनशील समजा.

आर-१३४ए रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्या, हवेत सोडू नका. आर-६००एचं प्रमाण घरगुती फ्रिजमध्ये थोडं, बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच असतं. पण हा आयसोब्युटेन आहे. हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि हवेत १.८ टक्के झाला तरी पेट घेतो. घरच्या सिलिंडरसारखा वास त्याला घातलेला नसतो. फ्रिज गॅलरीत किंवा अंगणात काढा. ते जमत नसेल तर लांब होज खिडकीबाहेर सोडा. गॅसची शेगडी, पाणी तापवायचा गॅस गीझर आणि कोपऱ्यातल्या देवघरातली समई, तिन्ही विझवा. आपल्याकडे देवघर बरेचदा स्वयंपाकघरातच असतं आणि हे लक्षात राहत नाही.

गॅस निघाला तरी तेलात विरघळलेला भाग मागे राहतोच. म्हणून व्हॅक्यूम मारा, मग नायट्रोजन फिरवा, आणि त्यानंतरच टॉर्च पेटवा. ज्योत टाळायची असेल तर लॉकरिंगचे, म्हणजे न तापवता दाबून बसवायचे, जोड लावा. महाग पडतात, पण फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी तेच सुचवीन.

## टप्पा ४: पूर्ण बदलण्याआधी तीन सेंटीमीटर कापून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि इथेच निम्मी कामं वाचतात.

कचरा प्रवाहाबरोबर येतो आणि कॅपिलरीच्या ड्रायरकडच्या तोंडाशी अडतो. आधी ड्रायर वेगळा करा. ज्योतीने सुटा करू नका, कापून काढा. तापवला की मण्यांत धरलेला ओलावा पाइपमध्ये पळतो. मग कॅपिलरीच्या त्या टोकापासून दोन-तीन सेंटीमीटर कापा आणि फ्रीझरच्या बाजूने, म्हणजे सक्शन लाइनमधून, नायट्रोजन सोडा. तोंडाशी बोट धरा, पाच-सहा बारला फुंकर स्पष्ट लागली पाहिजे. उलट्या दिशेने सोडण्याचं कारण एवढंच की कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडावा.

वाट मोकळी झाली तर कॅपिलरी बदलू नका. तीन मीटरांतले तीन सेंटीमीटर म्हणजे एक टक्का, प्रवाहात फरक पडत नाही. तोंडातून काय निघालं ते मात्र पांढऱ्या कागदावर घेऊन बघा. काळे पापुद्रे निघाले तर मागच्या वेळी ब्रेझिंग करताना नायट्रोजन सोडला नव्हता. पांढरट पूड ड्रायरच्या मण्यांची. काळपट चिकट तेल असेल तर कॉम्प्रेसर तापून तेल जळलंय. नवी कॅपिलरी टाकूनही ती महिन्याभरात भरेल, आधी कॉम्प्रेसरचा निकाल लावा.

फुंकर लागलीच नाही, किंवा नळी मध्येच दबली आहे, किंवा कोणीतरी आधीच भलत्या मापाची लावली आहे, तर पुढच्या टप्प्याला लागा.

जाता जाता: थर्मोस्टॅटलाही एक बारीक नळी असते. तिच्यात वेगळा गॅस भरून दोन्हीकडून बंद केलेली असते आणि ती फक्त तापमान ओळखते. ती कापली तर थर्मोस्टॅट गेला.

## टप्पा ५: माप

बाजारात ०.०२६, ०.०२८, ०.०३१, ०.०३६ इंच अशा बोअरच्या कॅपिलरी मिळतात. बाहेरून त्या जवळजवळ सारख्या दिसतात, आणि ‘दुकानात छत्तीसचीच होती’ म्हणून एकतीसच्या जागी छत्तीसची लावली जाते. पाच हजारांश इंचांनी काय बिघडतं? छिद्राचं क्षेत्रफळ ३५ टक्क्यांनी वाढतं. तेवढाच प्रवाह ठेवायला लांबी किती करावी याचा एक हिशेब आहे: बोअरचं गुणोत्तर ४.६ व्या घाताला न्यायचं. ०.०३१ वरून ०.०३६ ला हा आकडा जवळपास दोन येतो. म्हणजे दहा फुटांच्या जागी वीस फूट कॅपिलरी गुंडाळावी लागेल. कॅपिलरी साधारण पाच ते सोळा फुटांत ठेवायची असते, म्हणून हा बदल कागदावर जमला तरी फ्रिजमध्ये करू नये. योग्य बोअरची मिळेपर्यंत थांबा.

बोअर मोजायला पिन गेज उत्तम. नसेल तर ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू वापरा. टोक आधी नीट साफ केलेलं हवं.

- ०.९ मिमी सहज जातो: ०.०३६ (०.९१ मिमी)
- ०.८ मिमी अडतो, ०.७ मिमी जातो: ०.०३१ (०.७९ मिमी) किंवा ०.०२८ (०.७१ मिमी). ०.७ सैल डुलत असेल तर ०.०३१, अगदी घट्ट जात असेल तर ०.०२८
- ०.७ मिमी अडतो: ०.०२६ (०.६६ मिमी) किंवा त्याहून बारीक

लांबी मोजताना सक्शन लाइनच्या आत गेलेला आणि ड्रायरमध्ये शिरलेला तुकडाही धरा. नुसत्या दिसणाऱ्या नळीला दोरी लावून माप घेतलं की नवी नळी हातभर आखूड पडते. आधी कोणी कापून-कापून छोटी केली असेल तर जुन्या लांबीवर विश्वास ठेवू नका, कंपनीचं सर्व्हिस शीट किंवा त्याच मॉडेलचा न उघडलेला फ्रिज बघा.

प्रवाह तपासण्याची सोपी रीत. मोठ्या टपात पाणी घ्या. पाच लिटरचा कॅन पाण्याने भरून त्यात उपडा धरा. कॅपिलरीचं एक टोक नायट्रोजनच्या रेग्युलेटरला जोडून दाब ५ बारवर पक्का करा, दुसरं टोक कॅनच्या तोंडाखाली धरा. कॅनमधलं पाणी संपायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. त्याच मापाच्या चांगल्या कॅपिलरीचे सेकंद एकदा मोजून वहीत लिहून ठेवले की पुढे प्रत्येक रोलमधला तुकडा दोन मिनिटांत तपासता येतो. ही चाचणी तुलनेची आहे, म्हणून दाब, कॅन आणि लांबी दरवेळी तीच ठेवा. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर बोअरच चुकीचा आहे किंवा आत काहीतरी आहे. ‘दोन इंच कापू, जुळेल’ असं होत नाही. प्रवाह दहा टक्क्यांनी वाढवायचा तर लांबी ढोबळमानाने पंधरा-वीस टक्क्यांनी कमी करावी लागते.

## टप्पा ६: कापणं आणि सक्शन लाइनला जोडणं

पाइप कटरचं चाक कॅपिलरीवर चालवू नका. ते भिंत आत दाबतं आणि तोंड अर्ध्यावर येतं. कानशीने गोल फिरवत बारीक खाच पाडा, मग खाचेच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच पुढे-मागे वाकवा. नळी आपसूक तुटते आणि तोंड गोल राहतं. कानस चालवताना तोंड खाली धरा, किस आत जायला नको. तोंड उजेडाकडे करून बघा. कडेला थोडीही दुमड दिसली तर पुन्हा कापा.

वाकवताना अंगठ्याएवढ्या गोलाईपेक्षा छोटं वळण देऊ नका. जास्तीची लांबी कापायची नाही, गुंडाळी करून टायने बांधायची. गुंडाळी कॉम्प्रेसरला किंवा बॉडीला टेकू देऊ नका. थरथरून महिन्याभरात घासून भोक पडतं.

जुनी कॅपिलरी सक्शन लाइनच्या आतून ओवलेली किंवा बॉडीच्या फोममध्ये गाडलेली असेल, तर ती ओढून काढता येत नाही. मग एक तर सक्शन आणि कॅपिलरीची जोडणी अख्खी बदला, नाहीतर नवी बाहेरून न्या. बाहेरून नेली तर सक्शन लाइनला निदान मीटरभर लगटून ठेवा, मध्ये मध्ये सोल्डर करा किंवा अॅल्युमिनियम टेपने घट्ट बांधा, आणि दोन्हींवर मिळून इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा. बरेच जण नळी मोकळीच लोंबकळत सोडतात. मग फ्रिज चालतो, पण थंडपणा कमी, वीज जास्त, सक्शन लाइनला घाम, आणि द्रव परत कॉम्प्रेसरमध्ये. बिल वाढल्याची तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येतं आणि कारण कोणालाच सापडत नाही.

फ्रीझरची कॉइल अॅल्युमिनियमची असेल तर कंपनीने दिलेल्या तांबे-अॅल्युमिनियम जोडाला आच लावू नका. त्याच्या अलीकडे, तांब्याच्या भागात जोड घ्या.

## टप्पा ७: ड्रायर आणि ब्रेझिंग

सीलबंद ड्रायर आत्ता उघडायचा, आधी नाही. उघडल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत तो सिस्टिममध्ये बंद झाला पाहिजे.

1. ड्रायर उभा, कॅपिलरीचं तोंड खाली. म्हणजे तळाशी नेहमी द्रव राहतो आणि कॅपिलरीत वाफ शिरत नाही. आडवा किंवा उलटा लावला तर फ्रीझरमध्ये सतत गुळगुळ आवाज येतो आणि थंडपणा पडतो.
2. कॅपिलरी आत घालून जाळीला टेकेपर्यंत न्या, मग थोडी मागे घ्या. टोक जाळीला चिकटलेलं नको, पण जोडाच्या पुढे एक-दीड सेंटीमीटर आत हवं. मार्करने खूण करा, कारण तापवताना नळी सरकते.
3. टोक किंचित तिरकं ठेवलं तर चुकून जाळीला लागलं तरी तोंड पूर्ण बंद होत नाही.
4. ड्रायरचं तोंड कॅपिलरीभोवती पक्कडीने हलकेच आवळा. फट मोठी राहिली की रस आत ओढला जातो. नळी चेपली जाणार नाही एवढाच जोर द्या.
5. नायट्रोजनची अगदी मंद धार चालू ठेवा, गालाला जेमतेम जाणवेल एवढी. ती नसेल तर तापलेल्या तांब्याच्या आतून काळे पापुद्रे सुटतात आणि थेट नव्या कॅपिलरीच्या तोंडाशी येऊन बसतात.
6. आच ड्रायरच्या तोंडाला द्या, कॅपिलरीला नाही. तांबं सुमारे १०८५ अंशांना वितळतं आणि कॅपिलरीची भिंत इतकी पातळ आहे की ज्योत तिच्यावर पाच सेकंद रेंगाळली तरी ती गळते. ड्रायर लालसर झाला की रॉड टेकवा, रस फिरला की ज्योत काढा. दुसऱ्यांदा रॉड लावायचा मोह आवरा.

तांब्याला तांबं जोडताना फॉस-कॉपर रॉड चालतो, फ्लक्स लागत नाही. कंडेन्सरची पाइप बहुधा लोखंडी असते, तिथे सिल्व्हर रॉड आणि फ्लक्सच हवा. फॉस-कॉपरने लोखंडाला लावलेला जोड दिसायला छान होतो आणि थरथरीने तडकतो. फ्लक्स बाहेरून लावा, पाइपच्या आत बोट घालून नाही. थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर तिथे गंज धरतो.

तपासणी: जोड थंड झाल्यावर कंडेन्सरकडून नायट्रोजन सोडा आणि सक्शन बाजूने फुंकर येते का बघा. रस आत गेला असेल तर ते आत्ताच कळू दे.

## टप्पा ८: दाब आणि व्हॅक्यूम

प्लेटवर टेस्ट प्रेशर दिलेलं नसेल तर १० बारच्या वर जाऊ नका, फ्रीझरची कॉइल फुगते. दोन्ही बाजू भरल्याची खात्री करा. कॅपिलरीतून दाब पलीकडे जायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत काटा पडला तर लगेच लीक समजू नका. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावा आणि अर्धा तास काटा बघा.

व्हॅक्यूमची गोष्ट अशी की लो साइडने पंप लावला तर कंडेन्सरमधली हवा त्याच पाऊण मिलिमीटरच्या छिद्रातून निघावी लागते. गेज पाऱ्याचे तीस इंच दाखवतो आणि पलीकडे मात्र ओलावा तसाच. ड्रायरच्या जादा तोंडातून दुसरा होज घेऊन दोन्हीकडून ओढा. जादा तोंड नसेल तर तीनदा करा: व्हॅक्यूम, नायट्रोजन, व्हॅक्यूम, नायट्रोजन, व्हॅक्यूम. लक्ष्य ५०० मायक्रॉन. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, तेव्हा साध्या गेजच्या काट्यावर हा फरक दिसणारच नाही. पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा चढून एका जागी थांबला तर ओलावा आहे, चढतच राहिला तर लीक.

फ्रिजचाच कॉम्प्रेसर चालवून ‘व्हॅक्यूम’ मारणं बंद करा. त्याने ओलावा निघत नाही, उलट तेल तापतं.

## टप्पा ९: गॅस

प्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढेच, काट्यावर. आर-६००एमध्ये पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी फरक पडतो, आणि लांब होजमध्येच काही ग्रॅम राहतात. आखूड होज वापरा. सक्शन लाइनवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ येईस्तोवर गॅस सोडायची जुनी पद्धत म्हणजे ओव्हरचार्ज. घरच्या सिलिंडरचा एलपीजी भरू नका: तो मिश्र गॅस आहे, दाब वेगळा, ओलावा आणि गंधक वेगळं, आणि त्याच्यासाठी ही कॅपिलरी बेतलेलीच नाही.

## टप्पा १०: चालवून बघा, घाई नको

सुरू केल्यावर मिनिटाभरात फ्रीझरमध्ये कॅपिलरीच्या तोंडाशी सळसळ ऐकू आली पाहिजे. मग अर्ध्या-पाऊण तासाने:

- कंडेन्सर वरपासून खालपर्यंत गरम, खाली जरा कमी
- ड्रायर कोमट, त्याची दोन्ही टोकं जवळपास सारखी
- फ्रीझरच्या कॉइलवर सगळीकडे सारखा बर्फ, एकाच कोपऱ्यात नाही
- कॉम्प्रेसरजवळ सक्शन लाइन खोलीच्या तापमानाच्या आसपास. घाम किंवा बर्फ नाही
- अँपिअर प्लेटच्या आकड्याजवळ

बर्फ फक्त सुरुवातीच्या भागात असेल तर गॅस कमी आहे किंवा अर्धवट चोक. सक्शन लाइन गोठत असेल तर गॅस जास्त आहे, नाहीतर कॅपिलरी रुंद किंवा आखूड. इथे गॅस कमी-जास्त करून दोष झाकू नका. वजन बरोबर असेल तर टप्पा ५ कडे परत जा.

बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. कॉम्प्रेसर गुरगुरून ओव्हरलोडवर (मोटर वाचवणाऱ्या स्विचवर) सुटला तर दाब सारखे होत नाहीत, म्हणजे वाट अजून अरुंद आहे. हे ठीक असेल तर फ्रिज चोवीस तास चालवा. ओलाव्याचा चोक पहिल्या तासात दिसत नाही, थर्मोस्टॅटची काही चक्रं झाल्यावर दिसतो.

शेवटी कॉम्प्रेसरशेजारी बॉडीवर एक स्टिकर लावा: गॅसचं नाव, ग्रॅम, कॅपिलरीचा बोअर, एकूण लांबी, ड्रायरचा प्रकार, तारीख. पुढचा मेकॅनिक दुसरा कोणी असेल, आणि त्याच्याकडे जुनी लांबी मोजायला काही उरलेलं नसेल.